वायर लागणारी पेटी

“…म्हणजे खोटंच ना ते? शील मोडलं की नाही, तेवढं सांगा भंते. बाकी काही नको.”

भंतेंनी डोळे मिटले.

उत्तर येत नसलं की ते डोळे मिटत. खालच्या गावातले लोक त्याला ध्यान म्हणत. भंते धम्मसार विद्वान नव्हते. विद्वान असते तर कुठल्यातरी समितीवर असते, गाडीतून फिरले असते. चीवर घेण्याआधी बावीस वर्षं ते विजेच्या खांबांवर चढत होते. आता मणक्यात गॅप होती, तरी रोज सकाळी अडीचशे पायऱ्या चढून लेण्यात येऊन बसत. का, ते कोणाला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणत, वर गार असतं.

समोर उभा होता सुगत ओव्हाळ. वय सत्तावीस. डिझाइनचं कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. शिकवणाऱ्यांना आपल्यापेक्षा कमी येतं हे त्याला दिसलं, आणि ते त्याने भर वर्गात सांगितलंही. आता तो फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या वस्तू बनवायचा. हुबेहूब बनवायचा. त्याने काढलेल्या काचेच्या ग्लासाला लोक बोट लावून बघत.

कमानीतून ऊन आत आलं होतं, पण स्तूपापर्यंत पोचलं नव्हतं. दरी धुक्याने भरलेली. खाली गाव आहे, रस्ता आहे, याला काही पुरावा नव्हता. लेणं नुसतंच कुठेतरी टांगल्यासारखं…

“भंते.”

“ऐकतोय. कुठलं शील?”

“चौथं. मुसावादा. दर रविवारी विहारात हात जोडून म्हणतो ना आपण, खोटं बोलणार नाही. ते.”

“तू काय बोललास?”

“बोललो नाही. बनवलं.”

सुगतने खिशातून वडिलांचा फोन काढला आणि भंतेंच्या मांडीवर ठेवला.

स्क्रीनभर एक पत्र्याची पेटी होती. जुनी. कोपऱ्यात गंज, डाव्या अंगाला पोचा. आत रंगीत तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले. गुलाबी, पिवळे, हिरवे, पांढरे. बाजूला चिमटा, भोक पाडायचा.

“कंडक्टरची?”

“एसटीच्या. मशीन यायच्या आधीची.”

“गंज पण काढलास?”

“गंज सगळ्यात अवघड असतो.” हे सांगताना सुगतचा आवाज थोडा वर चढला. “आणि तो पोचा खरा आहे. म्हणजे, खऱ्या पेटीला होता. मी सात वर्षांचा असताना पाडली होती. मार खाल्ला होता.”

“दाबू?”

“दाबा.”

भंतेंनी गुलाबी गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

टिक.

तिकीट फाटलं. कडेला जरासं वळलं आणि तरंगत तरंगत स्क्रीनच्या बाहेर गेलं. चिमट्याचा तो एवढासा आवाज वर छताला लागला, तिथून पुढे गेला, स्तूपामागच्या अंधारात जाऊन पुन्हा परत आला. टिक… टिक… कोणीतरी गर्दीतून वाट काढत येतंय असा.

मग फोनमधली बाई स्पष्ट म्हणाली, “चहा.”

“आत्ता नको,” भंते म्हणाले.

“तुम्हाला नाही विचारलं. बटण आहे ते. गुलाबी म्हणजे चहा, पांढरं म्हणजे पाणी. आप्पांसाठी केलंय.”

आप्पा म्हणजे सुगतचे वडील, तुळशीराम ओव्हाळ. कामशेत ते पवनानगर, त्याच एका रस्त्यावर एकतीस वर्षं कंडक्टर. सहा महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर पाच मिनिटांच्या वर थांबत नाहीत, त्यामुळे त्यांना तसं म्हणणं सोपं जातं.

“आधी नीट बनवलं होतं,” सुगत म्हणाला. “स्वच्छ. कोरी स्क्रीन, सहा बटणं. पाणी, चहा, दुखतंय, संडास, टीव्ही, आणि एक माझं नाव. डावा हात चालतो ना त्यांचा. बोट लावलं की बाई बोलणार.”

“मग?”

“भिंतीकडे बघावं तसे बघायचे. तीन महिने. हात मांडीवर पडलेला.”

“मग ही पेटी.”

“मग ही पेटी. स्पीच थेरपीच्या मॅडमचं म्हणणं होतं की ओळखीचं काहीतरी द्या. दिली. पहिल्याच दिवशी हात उठला. असा…” सुगतने हवेत चिमटा धरला. “अंगठा सुद्धा बरोबर वळला.”

“चांगलं झालं की.”

“काय चांगलं? पाणी मागतच नाहीत! तिकिटं फाडतात. दिवसभर. समोर येईल त्याला. परवा दूधवाला आला, त्याच्याकडे बघून पिवळं फाडलं. पिवळं म्हणजे संडास. बाई ओरडली. दूधवाला पातेलं तसंच ठेवून पळाला.”

भंते हसले. पोटातून हसले, आणि मणका दुखला म्हणून थांबले.

“हसू नका.”

“बरं.”

“आता बाईचा आवाजही ते बंद करून ठेवतात, आज मीच चालू केलाय. नुसती टिक टिक. आणि दुपारी…”

“दुपारी काय?”

“दुपारी खोली हलते, भंते.”

भंतेंनी फोनवरून मान वर केली.

“म्हणजे मला तसं वाटतं. पंखा फिरत असतो, आप्पा कॉटवर बसून टिक टिक करत असतात, आणि खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड मागे जायला लागतं. हळूहळू. मग दुसरं झाड येतं. आमच्याकडे दुसरं झाड नाही. मग एका बाजूला पाणी दिसतं, धरणाचं, चमकणारं. मी कॉटचा पाय धरून बसतो. वळणावर धरावं लागतं.”

“कुठे पोचता?”

“कुठेच नाही. शेजारची कांताबाई चहा घेऊन येते आणि सगळं थांबतं.”

धुक्याचं एक बोट कमानीतून आत आलं, खांबाला लागलं, विरलं.

“मॅडम आता म्हणतात, काढून टाका,” सुगत म्हणाला. “जुन्यात रमलेत. साधी बटणं द्या, नाहीतर पाणी मागायला कधी शिकणारच नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मी आज काढून टाकणार आहे.”

“काढ मग.”

“तेच विचारायला आलोय.”

“काय? काढू का, हे? की खोटं आहे का, हे?”

“एकच आहे ते.”

“असेल,” भंते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटायला लागले.

सुगतला राग आला. एवढ्या पायऱ्या चढून आल्यावर समोरच्या म्हाताऱ्याने झोप काढावी म्हणजे काय! त्याने हात वर केला.

“वर बघा.”

भंतेंनी बघितलं. छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडात कोरलेले वाकदार पट्टे होते, एकाशेजारी एक.

“या तुळया. लाकडाच्या छपराला असतात त्या. इथे छप्पर कुठंय? डोंगर आहे. डोंगराला तुळई लागत नाही. दोन हजार वर्षं हा दगड लाकडाचं सोंग करतोय. आणि हे खांब बघा, वरच्या बाजूला आत कललेले. लाकडाचा खांब कलवावा लागतो, नाहीतर छपराच्या भाराने बाहेर फाकतो. दगडाला काय गरज? नुसती नक्कल. माणसाला ओळखीचं काहीतरी दाखवायचं आणि गुंडाळायचं. आपल्या बापजाद्यांनी हेच केलं, मीही हेच केलं. माझं निदान मला कळलं तरी.”

भाषण चांगलं झालं होतं. छताने त्याचा शेवटचा शब्द दोनदा परत दिला.

भंते मान वर करून बघतच राहिले.

“तुळया आहेत त्या?”

“मग काय?”

“मला बरगड्या वाटायच्या.”

“बरगड्या?”

“चौदा वर्षं बसतोय. वाटायचं, कोणाच्या तरी छातीत येऊन बसलोय. म्हणून इथे हळू बोलायचं.”

“चुकीचं वाटायचं तुम्हाला.”

दुसऱ्याची चूक दाखवता आली की सुगतला बरं वाटे. बापाकडून एवढी एक गोष्ट त्याने पुरेपूर घेतली होती.

“चुकीचं,” भंतेंनी मान्य केलं. पुन्हा वर बघितलं. “पण अजून तशाच दिसतायत रे.”

सुगतनेही बघितलं. बघायचं नव्हतं, तरी. ऊन आता एक खांब पुढे सरकलं होतं, उजेड खालून वर चढत होता, आणि एक क्षण ते सबंध छत संथपणे फुगलं… आणि खाली बसलं.

त्याने डोळे चोळले.

“खोटं कोणाला सांगितलंस?” भंतेंनी विचारलं.

“आप्पांना. आणखी कोणाला?”

“त्यांना ही खरी पेटी वाटते?”

“वाटतेच ना. नाहीतर दिवसभर कोण…”

“चार्जिंग कोण करतं?”

सुगतने फोनकडे बघितलं.

“कोण करतं?”

“आप्पाच. लाल झालं की स्वतः पिन लावतात. डाव्या हाताने. खूप वेळ लागतो, चुकते, पुन्हा लावतात. मी लावायला गेलो तर हात झटकतात.”

“त्यांच्या पेटीला वायर होती?”

“एसटीतल्या? तिला कुठली वाय…”

स्तूपामागे पाण्याचा एक थेंब पडला. खूप वेळाने दुसरा पडला.

“मग फसलं कोण?” भंते म्हणाले.

सुगतने भंतेंच्या मांडीवरचा फोन उचलून घेतला. स्क्रीन शर्टाला पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

“कोणाकोणाला देतात तिकिटं?”

“सांगितलं ना, येईल त्याला. दूधवाला. मालिशवाला. कांताबाई तर खरंच हात पुढे करते, चिमटीत धरते आणि म्हणते, पवनानगर द्या ओव्हाळ. आप्पा मान हलवतात. मॅडमना दोन दिली.”

“दोन का?”

“एक त्यांच्या पर्सचं. मोठी आहे पर्स. लगेज.”

“बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे? भिंतीवर पाल आहे एक. तिलाही फाडलं.”

“आणि तुला?”

सुगत कमानीकडे बघत राहिला.

“भंते, माझा प्रश्न शीलाचा आहे.”

“तुला?”

“नाही.”

भंते त्याच्याकडे बघतच होते.

“नाही दिलं. एकदाही नाही. बस?”

कॉलेज सोडून सुगत घरी आला, त्या दिवशी आप्पा दोनच शब्द बोलले होते. “उतर खाली.” घर तळमजल्यावर होतं. उतरायला खाली काही नव्हतं. पण हा माणूस घरातही कंडक्टरच होता. बायकोला पुढे सरक म्हणायचा, पोराला दांड्याला धर म्हणायचा, आणि पोराने मनाविरुद्ध केलं तेव्हा त्याच्याकडे तेवढंच एक वाक्य होतं. त्यानंतर एका घरात राहून ते त्याच्याशी चार वर्षं बोलले नाहीत. जेवताना आईकडे बघून म्हणत, त्याला सांग. मग आई वारली आणि निरोप पोचवणारंही कोणी उरलं नाही. पुढे कधी बोलायचं त्यांनी ठरवलं असेल, नसेलही. झटका आला, वाचा गेली, प्रश्न मिटला. म्हाताऱ्यांची अशी सोय होऊन जाते. पोरं मात्र बसतात बटणं बनवत.

“सहा बटणांतलं एक माझं होतं,” सुगत म्हणाला. “दाबलं नाही. म्हटलं, बटण कळत नसेल. मग पेटी केली. रात्रंदिवस बसलो भंते, त्या गंजावर. म्हटलं, निदान एक… पालीला देतात हो. पालीला!”

आवाज चिरकला. छताने तो तसाच चिरकलेला परत पाठवला.

“तू समोर गेलास की काय करतात?”

“काय करणार? चिमट्यावरून बोट उचलतात. फोन मांडीवर उलटा ठेवतात. आणि सरकतात.”

“सरकतात?”

“भिंतीकडे. तो लुळा पाय डाव्या हाताने धरून उचलतात, पलीकडे टाकतात, मग कंबर घासत घासत… घाम फुटतो त्यांना. माझं तोंड बघायला नको म्हणून एवढा आटापिटा.”

“तोंड कुठे करतात?”

“खिडकीबाहेर. बघत बसतात. मी मग थोडा वेळ उभा राहतो आणि जातो.”

“उभा राहतोस.”

“मग काय करू?”

“किती सरकतात?”

“किती म्हणजे?”

“बोटभर? वीतभर?”

हा काय प्रश्न झाला, असं सुगतच्या तोंडावर आलं होतं. पण त्याने दोन्ही हात पुढे करून तळवे एकमेकांसमोर धरले, आणि अंतर ठरवायला लागला. थोडं वाढवलं. आणखी थोडं. “एवढे,” तो म्हणाला.

भंते त्या दोन तळव्यांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. सुगतला तिथे काही दिसलं नाही. त्याने हात खाली घेतले.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “शीलाचं उत्तर तुमच्याकडे नाही, कळलं. मी काढून टाकतो. इथेच टाकतो, तुमच्यासमोर.”

त्याने पेटी बंद केली. स्क्रीनवर तिचं छोटं चित्र उरलं, नखाएवढं. त्याच्यावर त्याने अंगठा दाबून धरला. चित्र थरथरायला लागलं. काढून टाकण्याआधी चित्रं थरथरतात तसं. खराब रस्त्याला लागल्यासारखं. कोपऱ्यात बारीकशी फुली उगवली.

अंगठा फुलीवर आला.

भंते बसल्या जागी हलले. एक हात गुडघ्याखाली घालून त्यांनी पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. मग दोन्ही तळवे दगडावर टेकून, दात आवळून, कंबर घासत ते खांबाकडे सरकले. मणका वाजला. कपाळावर घाम आला. खांबाला खांदा टेकल्यावर ते थांबले आणि त्यांनी तोंड कमानीकडे वळवलं.

बाहेर धुकं वर उचलायला लागलं होतं. खूप खाली रस्त्याचा एक तुकडा दिसत होता, ओला, वळणाचा, आणि मग तोही दिसेनासा झाला.

“झालं?” सुगत म्हणाला. अंगठा अजून तिथेच होता, फुलीच्या वर, केसभर अंतरावर. “तुम्हालाही बघायचं नाही ना माझं तोंड?”

भंते बाहेरच बघत होते. त्यांच्या शेजारी दगडावर एका माणसापुरती जागा रिकामी झाली होती.

“कंडक्टरच्या पोराचं कोणी तिकीट फाडतं का रे?”